वाचनालयाच्या भिंतीवर 'आपले थोर पाटील' ही पाटी हवी का?

वारणाकाठ (धागा यांनी सुरू केला)

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं. मतदारयादी उघडली की पानामागून पान पाटील. गावच्या वाचनालयाचा नवा हॉल पुरा झालाय आणि समितीनं ठरवलंय की दर्शनी भिंतीवर नऊ तसबिरी लावायच्या, वर ठळक अक्षरांत 'आपले थोर पाटील'. नावं अशी: कर्मवीर भाऊराव पाटील, क्रांतिसिंह नाना पाटील, वसंतदादा, राजारामबापू, प्रा. एन. डी. पाटील, आर. आर. आबा, प्रतिभाताई पाटील, स्मिता पाटील आणि क्रिकेटचे संदीप पाटील. वर्गणी जमली, फ्रेमवाल्याशी दर ठरला. परवाच्या बैठकीत मी म्हणालो, मला ही पाटी पटत नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मीही पाटीलच. तिथं नीट बोलता आलं नाही म्हणून इथं मांडतोय. पुढची बैठक रविवारी दहा वाजता आहे, बाहेरच्या माणसालाही तिथं बोलता येतं.

तसबिरींना माझा विरोध नाही. त्यातल्या पाच-सहा माणसांनी आमच्या भागाचं नशीब बदललं. विरोध आहे तो वरच्या पाटीला.

पाटील हे आधी आडनाव नव्हतंच, ते काम होतं. जुन्या ताम्रपटांत 'पट्टकील' असा शब्द येतो, त्याचाच पुढं पाटील झाला. सारा गोळा करायचा, ओसाड पडलेलं गाव परत वसवायचं, तंटा मिटवायचा, सरकारदरबारी गावाच्या वतीनं उभं राहायचं. ते वतन होतं. त्याची वाटणी व्हायची, ते विकलंही जायचं. एकाच गावात दोन वेगळ्या कुळांकडं निम्मी-निम्मी पाटीलकी असायची. मग नुसत्या या शब्दावरून कोण कुणाचं, हे कसं ठरणार?

नाना पाटलांचंच घ्या. येडेमच्छिंद्रच्या या माणसाचं मूळ आडनाव पिसाळ. घराण्यात पाटीलकी, म्हणून पाटील. भाऊराव पाटील जैन घराण्यातले. जन्म कुंभोजचा, १८८७ चा, आणि घर आमच्याच तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकला. वसंतदादा पद्माळ्याचे, राजारामबापू कासेगावचे. दादा आणि बापू यांचं राजकारण एकमेकांच्या विरोधात किती वर्षं चाललं, हे सांगली जिल्ह्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. प्रतिभाताई जळगावकडच्या. स्मिता पाटील यांचं घराणं शिरपूरचं. संदीप पाटील मुंबईत वाढले. या नऊ जणांना बांधणारा धागा कुठला, तर कागदावरचा एक शब्द.

आपल्या बोलण्यालाही हे पक्कं माहीत आहे. एसटीत शेजारी बसलेल्यानं 'मी पाटील' म्हटलं की आपण लगेच विचारतो, "कुठले पाटील?" गाव कळल्याशिवाय माणूस कळत नाही. आणि पाटील-पाटील सोयरिकी तर रोज होतात. देवक वेगळं, कुळ वेगळं, म्हणून तर होतात. रक्त एक असतं तर झाल्या असत्या का?

माझी सूचना एवढीच: पाटीवर 'आपल्या मातीतली माणसं' असं लिहा, आणि मग त्यात स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी आणि जी. डी. बापू लाड यांनाही जागा द्या. वाळव्याचे अण्णा आणि कुंडलचे बापू नाहीत आणि संदीप पाटील आहेत, अशी भिंत आमच्या गावात उभी राहिली तर मला वाईट वाटेल.

हळदपेठ

वारणाकाठ दादा, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हमाली करतो. आडनाव पाटील. गाव मिरज तालुक्यात, जमीन वीस गुंठे, त्यातही भावाचा वाटा. हळदीच्या हंगामात दिवसभर पोती काट्यावर चढवायची आणि उतरवायची. संध्याकाळी घरी गेलो की बायको आधी नळाखाली हात धुवायला लावते, पण नखाखालचा पिवळा रंग चार महिने जात नाही.

तुमचं सगळं खरं असेल. पण लोक काय बोलतात ऐका. "पाटील असून हमाली करतोस?" हे मी वीस वर्षं ऐकतोय. व्यापारी बोलतो, नातेवाईक बोलतात, एकदा मुलाच्या शाळेत एक पालकही बोलला. आडनावानं मला वाडा दिला नाही, इनाम दिलं नाही, फक्त हा टोमणा दिला. आता त्याच आडनावाच्या माणसांची भिंत कुठं होत असेल, तर ती माझ्या पोराला दाखवायची आहे. त्याला सांगायचंय की आबा अंजनीच्या साध्या घरातले, कष्ट करत शिकले आणि राज्याचे गृहमंत्री झाले. वसंतदादांचे आई-बाप लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं, शाळा सातवीपर्यंत, आणि तरी मुख्यमंत्री झाले. तेही पाटील आणि तूही पाटील. पोराच्या कानात ते बसतं, दादा. 'आपल्या मातीतली माणसं' हे तुमच्या-माझ्यासाठी ठीक आहे. दहा वर्षांच्या पोराला आधी स्वतःचं नाव दिसावं लागतं.

पाटी राहू द्या.

निवृत्त तलाठी

दोघांचेही वाचले. माझी नोकरी तासगाव, पलूस आणि शेवटी वाळवा अशी झाली. पाटील या शब्दाशी माझा रोजचा संबंध होता, कारण आमचे पदच पाटलांच्या जागी मोठे झाले. वंशपरंपरेची महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने गेली आणि गावचे दप्तर पूर्णपणे तलाठ्याकडे आले. पुढे १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटील नेमले जाऊ लागले. ते पद कुणाच्याही घरात जन्माने येत नाही. आज पोलीस पाटील कोणत्याही जातीचा असतो, बाई असते. म्हणजे 'पाटील' ही नेमणूक आजही चालू आहे, फक्त तिचा आडनावाशी संबंध तुटला आहे. वारणाकाठ म्हणतात ते या अर्थाने बरोबर.

जुन्या कागदांत पाटील सही करत नसे. नावापुढे नांगराचे चित्र काढत. त्याला 'निशाणी नांगर' म्हणत. मी एका घरात जुना कागद हातात घेऊन पाहिला आहे. मोडीतल्या मजकुराच्या शेवटी एका ओळीत माणसांची नावे आणि पहिल्याच नावाशेजारी बोटाच्या पेराएवढा नांगर. शाई उडाली होती, पण फाळाचे टोक स्पष्ट दिसत होते. तो कागद बघितल्यापासून मला वाटते की हे आडनाव म्हणजे नांगरच आहे. ज्याच्या हातात तो आहे त्याचे ते.

आता एक अडचण सांगतो, म्हणजे नुसत्या आडनावाने काय होते ते कळेल. एका गावात माझ्याकडे तीन खातेदार होते. तिघांचे नाव एक, वडिलांचे नाव एक, आडनाव पाटील. एकदा एका बँकेच्या पीककर्जाचा बोजा चुकून भलत्याच्या सातबाऱ्यावर चढला. ज्याने कर्ज काढलेच नव्हते तो बिचारा दोन पावसाळे हेलपाटे घालत होता. शेवटी फेरफारात प्रत्येकाच्या नावापुढे घराची खूण लिहिली, 'उर्फ मळ्यातला', 'उर्फ वरच्या आळीचा', 'उर्फ थळातला'. गाव त्यांना कधीपासून याच नावांनी हाक मारत होते. चूक दप्तराची होती, आणि दप्तराने आडनावावर भरवसा ठेवला म्हणून झाली.

कण्हेरखेडचा भाचा

मी कोरेगाव तालुक्यातला. वारणाकाठ, तुम्ही पाटीलकीला नुसतं काम म्हणून मोकळे झालात, ते मला पटलं नाही. काम असतं तर ते सोडल्यावर माणसं नाव का जपतात?

आमच्या शेजारचं कण्हेरखेड हे शिंद्यांचं गाव. महादजी शिंदे उत्तरेत दिल्लीच्या बादशहाचा कारभार हातात ठेवून होते, मोठमोठ्या पदव्या मिळत होत्या. पण लोक त्यांना म्हणत पाटीलबाबा, आणि त्यांना तेच आवडे. कण्हेरखेडच्या पाटीलकीचा अभिमान त्यांनी कधी सोडला नाही. हिंदुस्थानभर ज्याचा दरारा, तो माणूस गावच्या पाटीलकीला एवढं मानत असेल, तर त्या शब्दात नोकरीपेक्षा जास्त काही आहे. गाव उपाशी असताना पाटलाच्या घरात चूल पेटली तर ती लाज समजली जायची. बेंदराला पाटलाच्या बैलानं आधी कर तोडायचा, मग बाकीच्यांच्या बैलांनी. हा मान फुकट नव्हता. पहिला मान ज्याचा, पहिली जबाबदारीही त्याचीच.

म्हणून पाटी असावी. आडनाव रक्तानं एक नसेल, पण जबाबदारीनं एक आहे.

वारणाकाठ

कण्हेरखेडचा भाचा, महादजींचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं. त्यांचं आडनाव शिंदे होतं आणि शेवटपर्यंत शिंदेच राहिलं. पाटीलबाबा हे पदाचं नाव. तुमच्या यादीत महादजी बसतील का? बसायला हवेत, कारण ते खरोखर पाटील होते. पण आडनावानं यादी केली तर ते बाहेर राहतात, आणि ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गावकामाशी संबंध नाही ते आत येतात. आडनावाची चाळणी किती फसवी आहे, ते यातच दिसतं.

हळदपेठ दादा, तुमचं वाचून मी रात्री बराच वेळ जागा होतो. तुम्हाला उत्तर द्यायला मला अजून नीट शब्द सापडलेले नाहीत.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यात वाढलो. माझ्या आजोबांकडे गावकीचं काम होतं, महार वतनाचं. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पायताण काढून हातात घ्यायचं, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की म्हातारपणी, वाडा पडून तिथे फक्त चौथरा उरला तेव्हाही, त्या जागेवरून जाताना त्यांचा पाय अडखळायचा. मी लहान होतो, त्यांचं बोट धरून चाललो होतो. त्यांनी चप्पल काढली नाही, पण ते थांबले. मला तो क्षण अजून आठवतो.

कण्हेरखेडचा भाचा म्हणतात पहिला मान आणि पहिली जबाबदारी. आमच्या वाट्याला त्या मानाची दुसरी बाजू आली. वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घ्यायचं आणि बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच गुलामीविरुद्ध. १८७४ च्या ज्या कायद्यात पाटलाचा मान लिहिलेला होता, त्याच कायद्यात आमची वेठ होती.

आडनावाचंच बोलायचं तर साताऱ्याइतकं बोलकं गाव नाही. ७ नोव्हेंबर १९०० ला राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा नावाच्या मुलाचं नाव घातलं गेलं. घराचं आडनाव सकपाळ, मूळ गाव आंबडवे. त्या गावाच्या नावावरून आलेलं आडनाव पुढे जगाला माहीत झालं. पदावरून नाही, वतनावरून नाही, गावावरून. जातीची खूण पुसायला गावाचं नाव किती उपयोगी पडतं, ते आम्हाला विचारा.

मात्र तुमच्या यादीतलं पहिलं नाव आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी आहे. भाऊरावांनी १९१९ मध्ये काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, आणि धनिणीच्या बागेतल्या त्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. माझे चुलत आजोबा त्या पंगतीत जेवले. ज्या शब्दासमोर एक भाऊ पायताण काढत होता, त्याच शब्दाच्या एका माणसाने दुसऱ्या भावाच्या हातात पाटी-पेन्सिल दिली. म्हणून सांगतो, त्यांना 'थोर पाटील' म्हणून टांगू नका. पाटीलकीच्या चौकटीतून बाहेर पडले म्हणून तर ते कर्मवीर झाले.

भावकी

झालं. प्रत्येक धाग्यात जात आणल्याशिवाय राहवत नाही का? गावच्या वाचनालयात चार तसबिरी लागतायत, त्यात जुन्या जखमा उकरायचं काय कारण? आमच्या आजोबांनी कुणाला पायताण काढायला लावलं नाही. गावात कुळकर्ण्यांचं संमेलन होतं, देशमुखांचं कुलसंमेलन होतं, कुणी काही म्हणत नाही. पाटील म्हटलं की मात्र सगळ्यांना इतिहास आठवतो.

हळदपेठ

भावकी, थांबा. त्यांनी त्यांच्या आजोबांचं सांगितलं, तुमच्या आजोबांचं नाही. मी त्या वाड्यातला नाही, पण माझ्या आडनावावर तो वाडा आहेच, हे मला त्यांचं वाचून कळलं. मला टोमणा लागतो तो का लागतो, हेही कळलं. लोकांना वाटतं पाटील म्हणजे वाडा. वाडा नाही तर हा कसला पाटील.

अजिंक्यतारा भाऊ, तुमच्या आजोबांचा पाय अडखळायचा ते वाचून मी तिथंच थांबलो.

अजिंक्यतारा

हळदपेठ भाऊ, एवढं म्हणालात, पुरे. तुमच्या मुलाला भिंत दाखवा. भाऊराव आधी दाखवा.

जतचा गौडा

आमच्या जत तालुक्यात अर्ध्या गावात कन्नड बोलतात. तिकडे पाटलाला गौडा म्हणायचे. भाऊराव पाटलांच्या वडिलांचे नाव पायगोंडा, त्यातला गोंडा तोच. म्हणजे वडिलांच्या नावातही पद आणि आडनावातही पद, एकाच घरात दोन भाषांत.

सीमेपलीकडे बेळगाव, विजापूर, कलबुर्गी भागात पाटील आपल्याइतकेच आहेत. वीरेंद्र पाटील कर्नाटकचे दोन वेळा मुख्यमंत्री होते, लिंगायत. रायगड भागातले दि. बा. पाटील आगरी, प्रकल्पग्रस्तांच्या जमिनीसाठी त्यांनी आयुष्य घातले. मुसलमान पाटीलही आपल्या भागात आहेत. मराठा, जैन, लिंगायत, आगरी, मुसलमान, गुजर, राजपूत, सगळ्यांत पाटील. 'आपले' हा शब्द पाटीवर लिहायचा असेल तर एवढ्या सगळ्यांना सामावून घ्यावे लागेल. ते जमत असेल तर माझी हरकत नाही. उलट मला ते आवडेल. जातीच्या पलीकडे जाणारी आडनावे आपल्याकडे आहेत किती?

माहेरची पाटील

इतका वेळ वाचत होते. नऊ तसबिरींत दोन बायका, आणि दोघींबद्दल एक गोष्ट कुणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. प्रतिभाताईंचे यजमान शेखावत, स्मिता पाटील यांचे पती बब्बर. दोघींनी पाटील हे माहेरचं नाव ठेवलं. २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून जे नाव पुकारलं गेलं, ते वडिलांच्या घरचं होतं.

माझं माहेर पाटील, सासरही पाटील. लग्नात सगळे म्हणाले, "बरं झालं बाई, तुला काही बदलावं लागलं नाही." बदललं ना. मधलं नाव बदललं. वडिलांचं गेलं, नवऱ्याचं आलं. दहावीच्या प्रमाणपत्रावरची मी आणि रेशनकार्डावरची मी यांत एका शब्दाचा फरक आहे आणि तो माझ्या वडिलांच्या नावाचा आहे. आडनाव तेच राहिलं म्हणून कुणाला काही हरवल्यासारखं वाटलंच नाही. म्हणून मला हा आडनावाचा जयजयकार ऐकला की वाटतं, त्याच्या आधीच्या दोन शब्दांकडेही कुणीतरी बघा.

आणि सांगलीच्या वाचनालयात सांगलीची एकही बाई नाही? नाना पाटलांच्या कन्या हौसाताई प्रतिसरकारात स्वतः उतरल्या होत्या. लक्ष्मीबाई भाऊराव पाटील यांनी बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. भाऊरावांच्या तसबिरीशेजारी त्यांची तसबीर नसेल तर मला तुमच्या भिंतीशी काही देणंघेणं नाही, वर पाटी कुठलीही लावा.

कण्हेरखेडचा भाचा

ताई, लक्ष्मीबाईंचं अगदी योग्य. पाटीवरून माझं मत बदललेलं नाही, पण त्यांची तसबीर नसणं ही चूकच आहे.

वारणाकाठ, तुम्ही महादजींवरून मला अडवलंत, ते मान्य. तरी एक विचारतो. २०२४ च्या लोकसभेला सांगलीत मुख्य लढत झाली ती विशाल पाटील, संजयकाका पाटील आणि चंद्रहार पाटील यांच्यात. तिघेही पाटील. लोकांनी आडनाव बघून मतं दिली असती तर निकाल लागलाच नसता. सांगलीकरांना आडनाव आणि माणूस वेगळा काढता येतो. मग एका पाटीनं तुमचं गाव बिघडेल ही भीती कशाला?

वारणाकाठ

भीती मतदाराची नाही, वाचनालयात येणाऱ्या पोराची आहे. मतदाराला विशालदादांचं घराणं कुठलं, संजयकाकांचं कुठलं, चंद्रहार पैलवान कुठल्या गावचे, हे सगळं ठाऊक असतं. पोराला भिंत जे सांगते तेच ठाऊक होतं. आमच्या वाचनालयात पवार, माने, कांबळे, मुल्ला, सुतार यांचीही पोरं बसतात. अभ्यासिकेत तीस खुर्च्या आहेत. 'आपले थोर पाटील' या पाटीखाली बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या सुताराच्या पोरीला रोज काय वाटेल? हॉलची दारं-खिडक्या तिच्या बापानं केलीत.

हळदपेठ दादांना द्यायचं उत्तर आता थोडं जुळलं आहे. दादा, तुमच्या पोराला आपलं नाव भिंतीवर दिसायला हवं, हे मला मान्य. ते दिसेलच. प्रत्येक तसबिरीखाली पूर्ण नाव असणार, त्यात पाटील हा शब्द ठळक असणार. पण त्याच्या खाली मला चार ओळी हव्यात. वसंतदादांच्या तसबिरीखाली नुसतं 'माजी मुख्यमंत्री' नको. २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या तुरुंगाच्या तटावरून उडी टाकून ते साथीदारांसह निसटले, पाठलागात त्यांना गोळी लागली आणि अण्णासाहेब पत्रावळे धारातीर्थी पडले, हे हवं. म्हणजे पाटलाच्या तसबिरीखाली पत्रावळ्यांचं नाव येईल. दादा एकटे पळाले नव्हते. नाना पाटलांच्या खाली 'मूळ आडनाव पिसाळ, तलाठ्याची नोकरी १९३० मध्ये सोडली' हे हवं. प्रतिसरकारला 'सातारचं' का म्हणतात, तेही हवं. वाळवा आणि तासगाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आपला जिल्हा दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला तो १९४९ ला आणि त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० ला. एन. डी. सरांच्या खाली 'ढवळी' हे गावाचं नाव मोठ्या अक्षरांत हवं. तुमचा पोरगा ते वाचेल आणि विचारेल, ढवळी कुठं आहे? मग त्याला एसटीत बसवून दाखवून आणा.

भावकी

चार ओळींना माझी हरकत नाही. पण लाडबापू आणि नायकवडी अण्णा यांना घ्यायचं तर फ्रेमचा खर्च वाढतो. वर्गणी पाटलांनी दिलीय, हेही लक्षात ठेवा. आधी जे बोललो ते रागात बोललो. अजिंक्यतारा यांना लागलं असेल तर माफ करा.

निवृत्त तलाठी

दोन जादा तसबिरींचा खर्च मी देतो. माझे आडनाव पाटील नाही, हेही नोंदवून ठेवतो. लक्ष्मीबाईंची तिसरी धरली तर तिचाही.

फक्त एक विनंती. तो निशाणी नांगराचा कागद ज्या घरात आहे त्यांच्याशी मी बोललो. मूळ कागद देणार नाहीत, पण फोटो काढू देतील. तो मोठा करून भिंतीच्या एका कोपऱ्यात लावा. त्या ओळीत पाटलाचे नाव पहिले आहे, पण खाली चौगुला आहे, कुळकर्णी आहे, महार आहे, बलुतेदार आहेत. पूर्ण ओळ लावा, नुसता नांगर कापून लावू नका.

अजिंक्यतारा

तो फोटो लागला तर मी साताऱ्याहून बघायला येईन. सगळ्यांची नावं असतील तर.

हळदपेठ

वारणाकाठ दादा, चार ओळी मला पटल्या. पत्रावळ्यांचं मला माहीतच नव्हतं. पोराला काल सांगितलं, त्यानं विचारलं त्यांचं घर कुठं होतं. मला सांगता आलं नाही.

पाटीबद्दल मात्र माझं मत आहे तिथंच आहे. रविवारी दहा वाजता तुमची बैठक आहे म्हणालात, आणि बाहेरच्या माणसाला बोलता येतं असंही म्हणालात. रविवारी यार्डात सौदा नसतो, मी पोराला घेऊन येतो. तसबिरी उतरवायला, चढवायला हात लावीन. आणि पाटीवर 'पाटील' हा शब्द राहावा म्हणून उभा राहून बोलीन. तुम्ही विरोधात बोला. पोरगा दोन्ही ऐकेल.